पुढे सवड आढळली नाही

झांबरे भावंडांना चौघांनाही एकदम मोकळी अशी वेळ अखेर सापडली, ती १९८३ सालच्या मे महिन्यातली होती. अठरा तारीख, बुधवार, दुपारी दोन ते साडेतीन.

ती सापडेपर्यंत शैलजाचा जीव मेटाकुटीला आला होता. शैलजा चौघांत थोरली. नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिची आई प्रमिलाबाई भुसावळला एकटी राहत होती आणि संक्रांतीच्या सुमारास न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी शैलजाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यापुढे यांना एकटं ठेवू नका." कुठे ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते भावंडांनी ठरवायचं होतं आणि ठरवण्यासाठी चौघांनी एकदा भेटायचं होतं, निदान पडद्यावर तरी.

शैलजाने ईमेल पाठवला. विषय लिहिला, 'आईबद्दल'. रविवारी सकाळी जमेल का, असं विचारलं. पुण्याच्या हेमंतने उत्तर दिलं की रविवार सोडून कधीही. कॅनडातल्या प्रफुल्लने लिहिलं की त्याला फक्त रविवारच जमेल, पण तुमचा रविवार की आमचा ते आधी ठरवा. धाकटी चारुलता बडोद्याला गणिताच्या शिकवण्या घ्यायची. तिने उत्तर एकट्या शैलजाला पाठवलं. ते शैलजाने बाकीच्यांना पुढे पाठवलं, तर हेमंतने विचारलं की चारूचं उत्तर अजून का आलं नाही. मग काही दिवस सगळे गप्प. मग प्रफुल्लने एक अंगठा पाठवला. तो नक्की कशाला होता हे विचारण्यासाठी शैलजाला आणखी एक ईमेल करावा लागला. "मी केव्हाही तयार आहे," असं हेमंत प्रत्येक ईमेलच्या शेवटी लिहायचा, आणि प्रत्येक तारखेला त्याचं काहीतरी असायचं. विषयाच्या आधी 'उत्तर: उत्तर: उत्तर:' असं इतकं साचत गेलं की 'आईबद्दल' हा शब्द पडद्याच्या कडेबाहेर गेला.

तेव्हा शैलजाने सगळ्यांच्या वेळा जुळवून देणारं एखादं सॉफ्टवेअर शोधायचं ठरवलं. पहिलं सापडलं त्याने चौघांनाही खात्री करण्यासाठी ईमेल पाठवले, आणि ते उघडले का हे विचारायला पुन्हा ईमेल पाठवले. दुसऱ्याने सगळ्यांच्या वेळा लंडनच्या करून टाकल्या. तिसऱ्याचं नाव 'सवड' होतं. त्यात प्रत्येकाने एकदा नाव नोंदवायचं, बाकीचं सवडने आपलं आपण बघायचं. चार जणांपर्यंत मोफत होतं. शैलजाने फोनवर प्रत्येकाच्या मागे लागून नावं नोंदवून घेतली आणि 'शोधा' दाबलं.

पडद्यावर बराच वेळ चक्र फिरलं. मग अक्षरं आली, 'पुढे सवड आढळली नाही. मागे पाहू का?' खाली दोन बटणं होती, 'हो' आणि 'नंतर आठवण करा'. कुणी कुणाला आठवण करण्याचा तिला वीट आला होता. तिने 'हो' दाबलं.

अठरा मे त्र्याऐंशी पाहिल्यावर तिने मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे मुळावकर नावाचे गृहस्थ होते.

"हे त्र्याऐंशी साल दाखवतंय," शैलजा म्हणाली.

"बरोबर आहे, मॅडम. आम्ही फक्त सवड दाखवतो. ती कधीची निघेल, हे ज्या त्या कुटुंबावर असतं."

"त्यानंतरची एकही नाही?"

बटणं बडवल्याचा आवाज आला. "अठ्ठ्याण्णव साली तेरा दिवस तुम्ही चौघं एकाच घरात दिसताय. पण मोकळं कोणीच नाही."

ते बाबांचे दिवस होते.

"दोन हजार नऊमध्ये एक संध्याकाळ आहे," मुळावकर म्हणाले. "पण तिथे प्रफुल्ल सरांपुढे 'बहुधा' लिहिलंय. बहुधा आम्ही धरत नाही."

"नका धरू. त्र्याऐंशीच राहू दे."

"चांगली वेळ आहे, मॅडम. मेची सुट्टी आहे."

तिने तिघांना निमंत्रण पाठवलं. प्रफुल्लने विचारलं की तेव्हा कॅलगरीत किती वाजले असतील. हेमंतला घरूनच जोडून घेता येईल का हे हवं होतं. शैलजाने कळवलं की त्या वेळी आपल्या क्वार्टरमध्ये फोन नव्हता, स्वतः यावं लागेल. हेमंतने रजेचा अर्ज टाकला तो परत आला. त्या तारखेला आपण कंपनीच्या सेवेत नव्हता, त्यामुळे रजा मंजूर करता येत नाही आणि तिची गरजही नाही, असा शेरा होता. चारूने लिहिलं, "त्र्याऐंशी चालेल. पण साडेतीनला मला निघावंच लागेल, बॅच आहे." तरीही दुसऱ्या दिवशी पडद्यावर चार नावांपुढे चार हिरव्या खुणा उमटल्या. शैलजा त्या खुणांकडे चहा निवेपर्यंत बघत बसली.

बैठकीच्या दिवशी तिने चष्मा पुसला, 'सामील व्हा' दाबलं आणि ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात उभी राहिली.

ऊन डोक्यात शिरत होतं. कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. अंगणातल्या बाजेवर जुनं धोतर अंथरून त्यावर ज्वारीच्या बिबड्या, पापडासारख्या पातळ, वाळत घातल्या होत्या. बाकी कोणी आलेलं नव्हतं. बैठकीला वेळेवर येणारी ती नेहमी एकटीच असायची, आणि त्र्याऐंशी सालीही त्यात फरक पडला नव्हता.

थोड्या वेळाने प्रफुल्ल आला. कॅलगरीत बर्फ पडत असल्यामुळे तो गुडघ्यापर्यंत जाड कोट आणि बूट घालून आला होता. "इथे फारच उकडतंय," तो म्हणाला.

"मे आहे. निमंत्रणात लिहिलं होतं."

"मी निमंत्रण पूर्ण वाचलं नाही."

चारू हातात फळ्यावरचं पेन घेऊन आली. हेमंत सगळ्यांत शेवटी, कानात इअरफोनचं एक बोंडूक तसंच ठेवून. "सॉरी, आधीची मीटिंग लांबली," तो म्हणाला, आणि व्हरांड्याच्या कठड्यावर बसून विचारू लागला, "कुठपर्यंत आलंय?"

"कुठपर्यंतही आलेलं नाही," शैलजा म्हणाली. "तू यायची वाट बघतोय."

आवाज ऐकून आतून आई बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं, पदर कमरेला खोचलेला. ती पस्तीस वर्षांची होती. तिचे केस काळेभोर होते, आणि ती चारूपेक्षाही बरीच लहान होती. चारू तिच्याकडे नुसती बघत राहिली.

"कोण पाहिजे?" आईने विचारलं. "हे ड्युटीवर गेलेत, मालगाडी घेऊन. उद्या येतील."

सगळ्यांत आधी हेमंत सावरला. "बैठक आहे, वहिनी."

"युनियनची?"

"हो."

"मग बसा ना, उन्हात का उभे?" तिने माठातलं पाणी आणून दिलं. मग मागे वळून खोलीत पाहिलं. आत सतरंजीवर चार उश्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि चारही रिकाम्या होत्या. "आत्ता तर झोपली होती मुलं. कुठे उंडारायला गेली बाई?"

मुलं बैठकीला आलेली असल्यामुळे ती तिथे असणं शक्य नव्हतं. पण हे तिला सांगण्यात वेळ गेला असता, आणि वेळ दीड तासच होता.

"त्या बिबड्यांवर तेवढं लक्ष ठेवा," आई म्हणाली. "ही शेजारची शेळी फार द्वाड आहे." तिने प्रफुल्लच्या हातात काठी दिली, कारण तो बाजेच्या सगळ्यांत जवळ उभा होता.

शैलजाने बैठक सुरू केली. "विषय एकच आहे. आईने कुठे राहायचं."

"माझी काहीच हरकत नाही," हेमंत म्हणाला. "पण अकरावा मजला. दिवसभर घरात कोणी नाही. ती खिडकीतून बघत बसेल, आणि खिडकीतून समोरची इमारत दिसते."

"माझ्याकडे आली तर मला आनंदच आहे," प्रफुल्ल म्हणाला. "पण तिला व्हिसा सहा महिन्यांचा मिळेल, आणि त्यातले पाच बर्फाचे."

"माझे सासू-सासरे आमच्याकडेच असतात, ताई, तुला माहीत आहे," चारू म्हणाली. "दोन खोल्यांत तिसरं म्हातारं माणूस... म्हणजे माझं मन आहे गं, पण जागा नाही."

"मन सगळ्यांचंच आहे," शैलजा म्हणाली. "मी काय मनाची यादी करायला बोलावलंय? माझे गुडघे जातायत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मी राहते. मीसुद्धा कारणं सांगू शकते."

"सांग ना," हेमंत म्हणाला. "सगळ्यांचे मुद्दे यायला हवेत."

शैलजाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कानातलं बोंडूक काढून खिशात ठेवलं.

तेवढ्या वेळात आईची ये-जा चालूच होती. तिने बिबड्या उलटल्या, नळाला पाणी आलं म्हणून हंडे भरले, गव्हातले खडे निवडायला सूप घेऊन उंबऱ्यात बसली. बोलणं तिच्या कानावर पडतच होतं.

"कुणाच्या म्हातारीचं चाललंय?" तिने विचारलं.

"आमच्या," शैलजा म्हणाली.

"चौघांची एकच?"

"एकच."

"आणि चौघं असून ठरत नाही?"

प्रफुल्लने काठी आपटून शेळी हाकलली, पण शेळी आलेली नव्हती.

आईने सूप पाखडलं. "आमच्या सासूबाई चार महिने इथे असतात, चार महिने धाकट्या दिरांकडे, चार महिने नणंदेकडे. ट्रंक कधी पुरती उघडतच नाहीत. वरचं वर दोन लुगडी काढतात नि झाकण लावतात. मला ते बघवत नाही." मग ती सहज बोलावं तसं म्हणाली, "मी म्हातारी झाले की सरळ थोरलीकडे जाऊन राहणार. पोरांचं काही खरं नाही. एक सारखा घाईत असतो, दुसऱ्याला अभ्यासाशिवाय काही दिसत नाही, तो लांब जाईल कुठेतरी. धाकटी अजून शेंबूड पुसते. थोरली तेवढी समजूतदार आहे."

हेमंत मांडीवर थाप मारून म्हणाला, "झालं की. ठरलं."

"काय ठरलं?" शैलजाचा आवाज चढला.

"आईने मत दिलं. तिच्या तोंडून आलंय. माझा पाठिंबा आहे."

"माझं अनुमोदन," प्रफुल्ल म्हणाला.

"अरे, ती पस्तीस वर्षांची आहे! तिला काय कळतंय म्हातारपणातलं?"

"पण ताई, आईचं मत ते आईचं मत."

"आपण आईचं मत घ्यायला आलो नव्हतो," शैलजा ओरडली. "आपण ठरवायला आलो होतो!"

हे बोलल्यावर ती स्वतःच थोडी थांबली. आई सुपातून मान वर काढून तिच्याकडे पाहत होती.

"ताई, साडेतीन होत आले," चारू उठत म्हणाली. "बहुमत झालंय ना? मग मी निघते." ती आईकडे वळली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण काय हाक मारायची ते तिला सुचलं नाही. ती गेली. आत, सगळ्यांत कडेच्या उशीवर सात वर्षांची चारू तोंड उघडं टाकून झोपली होती.

"बैठकीचा गोषवारा मी पाठवतो," असं म्हणून हेमंत गेला, आणि दुसऱ्या उशीवर कुशीवर वळला. प्रफुल्लने काठी शैलजाच्या हातात दिली, घाम पुसला आणि तोही गेला.

आईने खोलीत डोकावून पाहिलं. "आले बाई तिघं. थोरली कुठे फिरतेय या उन्हाची, कोण जाणे."

"येईल आता," शैलजा म्हणाली.

"रुसली असेल. काम सांगितलं की आधी चिडते." आई सूप उचलून उठली. "पण करते."

शैलजाला तिच्याशी आणखी खूप बोलायचं होतं. काय ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. तिने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि 'बाहेर पडा' दाबलं.

शनिवारी ती बसने भुसावळला गेली. आई दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मेथी निवडत बसली होती. शैलजाने तिला बैठकीचा निर्णय सांगितला.

"मी नाशिकला येते असं कधी म्हटलं?" आईने विचारलं.

"अठरा मे त्र्याऐंशी."

आईने आठवून पाहिलं. "युनियनची माणसं आली होती तेव्हा? म्हटलं असेन. तेव्हाचं तेव्हा. आता मला नाही यायचं. इथे माझं भजनी मंडळ आहे, दवाखाना आहे, खाली भाजी मिळते."

"आई, सगळ्यांनी मंजूर केलंय ते."

"त्यांना काय जातंय मंजूर करायला? त्या युनियनमध्ये एक बाई होती, फार चिडचिडी."

"ती मी होते."

"हो का?" आईने तिला चष्म्यावरून पाहिलं. "मला वाटलंच. कपाळ तेच." तिने मेथीची जुडी पुढे सरकवली. "आणि माझी बैठक, तर मला का नाही बोलावलं?"

"तू होतीस की तिथे."

"मी बिबड्या उलटत होते," आई म्हणाली. "मी बसले कुठे?"

नाशिकला परतल्यावर तिने सवडमध्ये पाचवं नाव घातलं, पाचव्या माणसाचे पैसे भरले आणि 'शोधा' दाबलं. पुढे सवड आढळली नाही. मागे पाहिलं. मागेही आढळली नाही. तिने मुळावकरांना फोन लावला.

"बघतो, मॅडम." त्यांनी बराच वेळ पाहिलं. "पुढे तुमच्या आईंना सवडच सवड आहे. सकाळी भाजी आणि मंगळवारचं भजन सोडलं तर अख्खा दिवस. पण तिथे तुम्ही चौघं जुळत नाही. मागे तुम्ही चौघं पुष्कळदा जुळता. नुसत्या मेच्या सुट्ट्याच बघा ना. पण तिथे आई नाहीत."

"अठरा मेला तर ती आमच्यासमोर होती!"

"हजर होत्या, मॅडम. मोकळ्या नव्हत्या."

"मग आणखी मागे जा. तिच्या लग्नाआधी बघा."

"लग्नाआधी त्या मोकळ्या दिसतात," मुळावकर सौम्यपणे म्हणाले. "पण मग तुम्ही चौघं नाही."

शैलजाने कपाळाला हात लावला. "असं फक्त आमच्याच घरात निघालंय का हो?"

"नाही, नाही. पुष्कळ निघतं. आमच्याकडे त्याला क्रमांक आहे. तक्रार नोंदवू का?"

"कुणाविरुद्ध?"

"तो रकाना रिकामा सोडला तरी चालतो."

तिने तक्रार नोंदवली नाही. फोन ठेवला आणि पडद्यावरच्या पाच नावांकडे पाहत राहिली. मग तिने हेमंतचं नाव काढलं. सवडने विचारलं, 'नक्की?' तिने 'हो' म्हटलं. प्रफुल्लचं काढलं. चारूचं काढताना तिला थोडं वाईट वाटलं, पण काढलं. दोन नावं उरली. तिने 'शोधा' दाबलं. चक्र फिरलंसुद्धा नाही.

'सवड आढळली,' पडद्यावर आलं. 'आत्ता.'

शैलजाने उठून डाळीखालचा गॅस बंद केला आणि 'सामील व्हा' दाबलं. ती भुसावळच्या फ्लॅटमध्ये, आईच्या स्वयंपाकघरात उभी राहिली.

"चपला बाहेर काढ," आई म्हणाली. "आत्ताच पुसलंय."

बैठक दोन पाटांवर झाली. आई जे बोलायचं ते आधीच ठरवून बसली होती. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची, तिथली फरशी बदलायची. खालच्या मजल्यावरच्या फालकांच्या विधवा आत्या तशाही सुनेला कंटाळल्या होत्या, त्या वर राहायला यायला तयार होत्या. तिने त्यांना विचारूनही ठेवलं होतं. नाशिकला ती येईल, पण पाहुणी म्हणून, ट्रंक न घेता. शैलजाने दोन शंका काढल्या, त्यावर आई चिडली, मग शैलजा चिडली, मग आईने चहा टाकला. निर्णय झाला. तिघांना शैलजाने एका ओळीत कळवलं. तिघांचीही उत्तरं तासाभरात आली. इतक्या लवकर त्या घरात कुणाचंच उत्तर कधी आलं नव्हतं.

तेव्हापासून शैलजा शाळेतून आली की रोज 'सामील व्हा' दाबते. दोघींची बैठक सवडच्या नियमाप्रमाणे चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होते. आई त्या वेळी बहुतेक फालक आत्यांचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत असते, आणि शैलजा अर्ध्या वाक्यात नाशिकला परत येते. कधी हातात चिवड्याची वाटी तशीच असते. तिने हे मुळावकरांना कळवलं, तर ते म्हणाले की वेळ वाढवून मिळते, पण त्यासाठी सगळ्या सदस्यांची संमती लागते, आणि आई संमती देत नाही. ती म्हणते, तेवढं पुरे. दुसऱ्या दिवशी शैलजा स्वयंपाकघरात उभी राहिली की आई मान वर न करता कालचं वाक्य राहिलं होतं तिथून पुढे बोलायला लागते.